डब्यात जागा नाही

शुक्रवार, १२ सप्टेंबर

उत्तम म्हणाला, डिस्क बदलायला घेतोयस तर कधी काय केलंस ते लिहून ठेव, नाहीतर नंतर माझंच डोकं खाशील. म्हणून ही डायरी. एका लग्नाच्या पार्टीनं दिलेली, दोन वर्षांपूर्वीची, कोरी. वार खोडून लिहितोय.

तर पहिली नोंद: डबा ९७ टक्के भरला.

डबा म्हणजे माझ्या एडिटिंगच्या टेबलाखालचा काळा खोका. आत चार हार्ड डिस्क, मागून वायर वायफायच्या मशीनला. घरात कुठूनही उघडा, बघा. दुकानवाले त्याला नॅस म्हणतात, आमच्या कोलशेतच्या घरात तो डबाच. मी हळदी-लग्नांची शूटिंग करतो, आणि आम्हा आगऱ्यांच्यात लग्न एक वेळ छोटं चालेल, हळद छोटी चालत नाही. ड्रोन, तीन कॅमेरे, नवरदेवाच्या मामांचा वेगळा नाच. डबा भरणार नाही तर काय होणार?

उत्तमचं डोंबिवलीत कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे सल्ला फुकट आणि शिव्याही फुकट. तो म्हणाला, दोन टीबीच्या चार जुन्या काढ, आठच्या चार नव्या घाल. पण एकेक. एक काढलीस की डबा उरलेल्या तिघींना विचारून नवीवर सगळं परत लिहितो, वीसेक तास लागतात. तेवढ्या वेळात दुसरी एखादी गेली तर खेळ खल्लास.

“म्हणून आधी सगळ्याचा बॅकअप घे,” म्हणाला.

“अरे, डबा हाच बॅकअप आहे,” मी म्हटलं. त्यानं फोनच ठेवला.

सोनल, म्हणजे आमची बायको, आतून ओरडली, “निदान आईंच्या धवल्याचा तरी घे रे!” घेतो म्हटलं. घेईन.

आई धवलारीण आहे. आमच्यात लग्नातला एकेक विधी धवलारीण गाऊन पार पाडते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. आई आणि शेजारची रंभाकाकी, चाळीस वर्षं जोडी. आई ओळ उचलायची, काकी झेलायची. झेलायच्या आधी काकी बारीकसं “हं” करायची. तीन वर्षांपूर्वी दोघींना वरच्या खोलीत बसवून मी सगळा धवला रेकॉर्ड केला, सात फायली. ते “हं” एडिटमध्ये कापायचं ठरवलेलं, राहून गेलं. काकी यंदा जानेवारीत गेली. तेव्हापासून आई कुठे गायलीच नाही. म्हणते गळा बसलाय.

रविवार, १४ सप्टेंबर

डिस्क मागवल्या. मागवताना बोंब झाली ती अशी की पितृपंधरवडा चालू आहे. आई म्हणाली, पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणाची नाय. सेल आत्ता आहे, पितर सेलच्या आड का येतात कळत नाही. शेवटी पत्ता उत्तमच्या दुकानाचा दिला. चार डिस्क आता घटस्थापनेपर्यंत डोंबिवलीत पाहुण्या.

ताईचा फोन आला. तिला डोंबिवलीजवळ भोपरला दिलंय. तिच्या मुलीची, कृतिकाची, हळद २२ नोव्हेंबरला. ताईचा एकच प्रश्न: आई गाणार की नाही? नातीच्या हळदीला आजी धवलारीण असून धवला नाही म्हणजे भोपरभर चर्चा.

मी म्हटलं, टेन्शन नको घेऊ. रेकॉर्डिंग आहे ना! हळदीच्या फाइलमध्ये दोघींचा आवाज एक नंबर आलाय. डीजेच्या स्पीकरवर लावू. ताई खूश झाली.

आई बाजूलाच बसून मेथी निवडत होती. परात तशीच ठेवली आणि आत गेली. मेथी मी निवडली.

मंगळवार, १६ सप्टेंबर

डब्यात चोर आहे! जागा कुठे जाते बघायला डब्याची आतली नोंदवही उघडली, तर कोणतरी ‘टॅब-थ्री’ नावाच्या मशीनवरून रोज दुपारी दोन दहाला आत येतो. रोज! एकच फाइल उघडतो, हळदीचा धवला, आणि तासाभरानं निघून जातो. हे कधीपासून, तर फेब्रुवारीपासून.

हा कोण? आमच्या लाइनीतलाच कोणीतरी असणार. आईचे धवले ढापून स्वतःच्या चॅनलवर टाकणार. मी लगेच पासवर्ड बदलला. सोनलला सांगितलं तर ती पाणी पीत होती, तिला ठसका लागला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

चोर दोन दिवस फिरकला नाही. दिपेश केणीच्या घरात घुसणं सोपं नाही.

आईचं मात्र काहीतरी बिनसलंय. काल दुपारभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. गळा असेल म्हणून ज्येष्ठमध आणलं, खडीसाखर आणली. तिनं पुडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ठेव तिकरं.”

संध्याकाळी सोनलनं डब्याचा नवा पासवर्ड मागितला. तिला फोटो प्रिंट करायचेत. दिला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

चोर परत आला. दोन दहाला, टॅब-थ्री. नवा पासवर्ड एका दिवसात फोडला! हा साधासुधा माणूस नाही. उत्तमला फोन केला तर तो म्हणाला, “पासवर्ड कोणाला दिला होतास?” म्हटलं, कोणालाच नाही, फक्त सोनलला. तो म्हणाला, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला.

आई आज बरी दिसली. स्वतः भाकऱ्या थापल्या. सोनलपण भांडी लावताना काहीतरी गुणगुणत होती. काय गं, म्हटलं, तर म्हणे ऑफिसचं ट्रेनिंग पाठ करतेय. हिचं वर्क फ्रॉम होम म्हणजे दुपारभर कानाला हेडफोन लावून खोलीत बसणं. काय शिकवतात कोण जाणे.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. उत्तमकडून डिस्क आणल्या. आईनं चारींना कुंकू लावलं, मी पहिली जुनी काढली आणि नवी सरकवली. दिवा नारिंगी झाला. उद्या दुपारपर्यंत हिरवा होईल.

चोराचा कायमचा बंदोबस्त केला. काम पूर्ण होईपर्यंत डब्यात सगळ्यांची एन्ट्री बंद.

“सगळ्यांची?” सोनल म्हणाली.

“सगळ्यांची. तुझी पण.”

“किती दिवस?”

“दसऱ्यापर्यंत.”

“तू ना, दिपेश,” म्हणाली आणि वाक्य अर्धवट सोडून निघून गेली. बायकांना सिक्युरिटीचं महत्त्व समजत नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

दुसरी डिस्क घातली. रोज संध्याकाळी गरब्याचं शूटिंग आहे, फुटेज टाकायला जागा नाही, म्हणून काढलेली पहिली डिस्क पुसून गरब्याला लावली. डब्यातही थोडं टाकतोय. उत्तम म्हणालेला, काम चालू असताना आत काही लिहू नको. थोडंसं चालतं.

एक खरं सांगायचं तर चौथ्या नंबरची जुनी डिस्क मधूनमधून टिकटिक करते. उत्तमला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणेल, मग तीच आधी का नाही बदललीस? क्रमानं बदलत होतो, एवढंच. पेन ड्राइव्हवर धवला घ्यायचाही राहिलाय.

मंगळवार, ३० सप्टेंबर

गरब्यातून आज वेळ मिळाला. संध्याकाळी सहाला तिसरी बदलली आणि साठलेलं गरब्याचं फुटेज आत टाकायला लावलं. काढलेल्या तिसऱ्या डिस्कच्या नंबरातले शेवटचे आकडे ७१४२, उत्तमनं लिहायला सांगितलेले म्हणून लिहितोय.

आई दारात उभी राहून बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं, “या डब्यान काय हाय रं सगला?”

मी म्हटलं, “आई, अण्णांचा वागळे इस्टेटला लेथ होता ना? तसा हा माझा लेथ. आपलं सगळं ह्याच्यावर.”

ती आत आली, पदरानं डब्यावरची धूळ पुसली. म्हणाली, “उद्या खंडेनवमी.”

“हो, सगळी हत्यारं पुजायची. कॅमेरे, ड्रोन, सगळी.”

“सगली?”

“सगळी,” मी म्हटलं. बरं वाटलं. आईला माझ्या कामाचं काहीतरी वाटतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

सकाळी माजिवड्याला झेंडू आणायला गेलो. डबा तेव्हा ६१ टक्क्यांवर होता. ट्रॅफिकमध्ये अडकून अकराला आलो.

पूजा झालेली. पाटावर कॅमेरे, ड्रोन, लाइटी, सगळ्यांना हळदकुंकू, एकदम छान. डब्यालाही पाच बोटं कुंकवाची, वर फूल. आणि डबा गप्प. दिवा नाही, पंखा नाही. मागचा प्लग काढून, वायरीचं वेटोळं नीट बाजूला ठेवलेलं.

“आई! हा बंद कोणी केला?”

“मी केला. मशीन चालू ठेवून कंदी पूजा करतान का? तुज्या अण्णांचा लेथ खंडेनवमीला बंद ठेवाचे. वर्साचा एक दिस मशीनीला इसावा.”

बरोबर आहे. वागळे इस्टेटचा एकेक कारखाना खंडेनवमीला मशीन बंद ठेवून, धुऊन, हार घालतो. मी लहानपणी अण्णांबरोबर जायचो, पेढा खायचो. मीच काल म्हटलं, हा माझा लेथ.

प्लग लावला. नव्या तिन्ही फिरल्या. चौथी टिक, टिक, टिक करून थांबली ती थांबलीच. सात वर्षं बिचारी न थांबता फिरत होती, एकदा थांबली ती उठली नाही. स्क्रीनवर लाल अक्षरात आलं की काहीच सापडत नाही.

मी ओरडलो. आईवर. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. म्हटलं, “सगळं गेलं! सात वर्षांचं काम गेलं, तुझे धवले गेले, रंभाकाकीचा आवाज गेला!”

आईच्या हातात अजून हळदीची वाटी होती. ती पाटाशेजारी बसली. म्हणाली, “म्हंजे रंभा परत गेली?”

सोनलनं मला हाताला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग आतून बराच वेळ फक्त तिचाच आवाज येत होता.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. आपट्याच्या पानांऐवजी उत्तम स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. सगळं ऐकलं, डोक्याला हात लावला, मग विचारलं, “काढलेली तिसरी डिस्क कुठाय? तिच्यावर अजून जुनं सगळं असेल. नव्या दोन आणि ती, तिघी जमल्या तर डबा उभा राहील.”

टेबलावर नव्हती. ड्रॉवरमध्ये नव्हती. आई उठली आणि देवघरातून ताम्हण घेऊन आली. ताम्हणात दोन जुन्या डिस्क, अण्णांच्या पान्याशेजारी, हळदीनं माखलेल्या. मी स्केचपेननं घातलेले नंबर आंघोळीत पुसले गेलेले. दुसरी कुठली, तिसरी कुठली?

“आंघोळ घातलीत?” उत्तम म्हणाला.

“कपऱ्यान पुसली बाबा, नुसती वल्ल्या कपऱ्यान,” आई म्हणाली.

मग मला ही डायरी आठवली. ३० तारीख, ७१४२. उत्तमनं बारीक अक्षरं वाचली, डिस्क उचलली आणि दोन मिनिटं माझ्याकडे असा बघत राहिला की डायरी कोणी लिहायला सांगितली होती हे मीच तीनदा म्हणून दाखवलं. डबा आणि डिस्क घेऊन गेला डोंबिवलीला.

शनिवार, ४ ऑक्टोबर

उत्तमचा फोन. डबा उभा राहिला. लग्नं जवळजवळ सगळी आली. काही फायली तुटल्या, कारण तिसरी डिस्क काढल्यावरही मी आत गरबा ओतत राहिलो, त्यामुळे जुन्याचा आणि नव्याचा मेळ बसेना. धवल्याच्या सातपैकी तीन धड आहेत. हळदीची चार मिनिटं वाजते, मग नुसती खरखर. तेवढं त्यानं फोनवर पाठवलं.

म्हणजे प्लग आईनं काढला, पण काकीला मी घालवलं. गरबा मी ओतला, टिकटिक मी लपवली, बॅकअप मी घेतला नाही. एक पेन ड्राइव्ह! खिशात मावतो.

आईला सांगायला सकाळभर धीर झाला नाही. दुपारी सांगितलं. तिनं उशीखालून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“जेवरा हाय तेवरा तरी लावून दे.”

माझा जुना टॅब. काच तडकलेली, मागे सोनलनं चिकटवलेला कृष्णाचा स्टिकर. सेटिंग उघडलं, मशीनचं नाव: टॅब-थ्री.

दुपारी दोन दहा. आई जेवून, भांडी आवरून, दार लोटून घ्यायची आणि काकीबरोबर गायची. हळूच. कोणाला कळू नये म्हणून, कारण घरात लग्न नसताना हळदीचं गाणं म्हणजे लोक नावं ठेवणार, आणि कारण सगळ्यांना सांगितलेलं की गळा बसलाय. गळा ठणठणीत आहे. झेलायला कोण नाही म्हणून ती उचलत नव्हती. आणि मी तिला चोर ठरवून बाहेर काढलं. वर ज्येष्ठमध आणून दिलं.

चार मिनिटं लावून दिली. ती डोळे मिटून बसली. खरखर सुरू झाल्यावर मीच बंद केलं. मी “आई, चुकलो” म्हटलं, ती म्हणाली, “तू का मुद्दाम केलास?” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी रडलो. चाळीस वर्षांचा घोडा, रडलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

मधे लिहिण्यासारखं काही नव्हतं. दिवाळी झाली. आज डबा घरी आला, चारही डिस्क नव्या, दिवे हिरवेगार. २४ टक्के भरलाय. एक पूर्ण प्रत उत्तमच्या दुकानात राहणार, दर रविवारी नवी. एवढी मोकळी जागा आयुष्यात बघितली नव्हती. बघून आनंद होईल असं वाटलेलं.

ताईला सांगितलं, रेकॉर्डिंग नाही. ती म्हणाली, आईला फक्त घेऊन ये, बसू दे नातीजवळ. आई यायला तयार आहे. गाणार नाही म्हणाली.

दुपारी घर अगदी शांत असतं आता. सोनलची मिटिंग तेवढी चालू असते, मधूनच आतून एखादी ओळ ऐकू येते. ट्रेनिंग संपलं नाही वाटतं.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल कृतिकाची हळद झाली. आज लग्नाला निघायच्या आधी लिहून टाकतो, नाहीतर राहील.

भोपरला मांडवात ही गर्दी. ताईनं डीजे बंद करायला लावला, कृतिकाला पाटावर बसवलं. बायका हळदीला हात लावायला थांबलेल्या आणि सगळ्या आईकडे बघत होत्या. भाची समोर, मी कॅमेऱ्यामागे. आईच्या चेहऱ्यावर फोकस केला. तिनं कृतिकाच्या गालाला हात लावला, आणि काय झालं माहीत नाही, तिनं ओळ उचलली.

काय आवाज! गळा बसलाय म्हणे!

ओळ संपली. आता काकीची जागा. आईचा चेहरा कॅमेऱ्यात मला एवढा जवळ दिसत होता. ती थांबली. सवयीनं थांबली असेल, चाळीस वर्षांची सवय. डोळे मिटले. डीजेवाल्यानं बटणावर हात ठेवला, मी त्याला खुणेनं नको म्हटलं.

मागून कोणीतरी बारीकसं “हं” केलं.

आणि ओळ झेलली. अचूक काकीसारखी, शेवटचं अक्षर लांबवून खाली सोडलेलं, आमच्याच बोलीत, आमच्याच हेलात. कॅमेरा वळवला. हळदीचं ताट हातात धरून सोनल उभी होती. डोंबिवलीत वाढलेली, माहेरच्या सात पिढ्यांत कोणी धवला न ऐकलेली, देवरुखकडच्या घरातली सोनल. कान लालबुंद झालेले, नजर आईवर.

आईनं डोळे उघडले. बघितलं. वाटलं आता रडते, पण तिनं दुसरी ओळ उचलली, पहिलीपेक्षा वर. सोनलनं झेलली. सगळी हळद दोघींनी केली. ताई ढसाढसा रडत होती, कृतिका हळदीत रडत होती, माझ्या व्ह्यूफाइंडरला धुकं आलेलं.

गाडीत सोनलला विचारलं, कधी शिकलीस? म्हणाली, “फेब्रुवारीपासून रोज दोन दहाला भिंतीपलीकडे चालू असायचं. मिटिंगमध्ये मी म्यूटवर असते रे. सुरुवातीला नुसती ऐकायची, मग तोंडात बसलं.”

“आणि मला ट्रेनिंग म्हणून सांगितलंस?”

“मग काय खोटं सांगितलं?”

आई मागच्या सीटवर होती. म्हणाली, “तिसऱ्या ओलीला जरा घाई केलीस बाय.”

मंगळवार, २५ नोव्हेंबर

हळदीचं फुटेज डब्यात टाकलं. डोंबिवलीला प्रत गेली, एक पेन ड्राइव्हवर घेतली, दुसरी आईच्या टॅबमध्ये. फाइलचं नाव जुनंच ठेवलं. एडिट करताना ते “हं” आलं, मी तसंच ठेवलं.

आत्ता हे लिहितोय तर दुपारचे दोन दहा झालेत. आई पलंगावर मांडी घालून बसलीय, टॅब बाजूला बंद. दार सताड उघडं.

“सोनल, मिटिंग हाय का गं? मांडवाची उचलतंय!”

आतून आलं, “हं.”